सिस्टिमची नाडी ओळखणारं करिअर

महिन्याचं वाणसामान घेऊन तुम्ही काउंटरवर उभे आहात. क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला आणि स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहिलं. मागे रांग वाढतेय, दुकानदार तुमच्याकडे बघतोय आणि पैसे गेले की नाही ते कळत नाहीए. अर्ध्या मिनिटाने ‘पेमेंट यशस्वी’ असं दिसतं, तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकता आणि घरी पोहोचेपर्यंत हे विसरूनही जाता.

पण त्या अर्ध्या मिनिटात कुठेतरी एका स्क्रीनवर एक रेघ वर चढलेली असते आणि ती कुणीतरी पाहिलेली असते. आयटी सिस्टिमवर अशी नजर कशी ठेवायची हे कंपन्यांना सांगणारे तज्ज्ञ म्हणजे मॉनिटरिंग आणि टेलिमेट्री कन्सल्टंट. माझी मावसबहीण हेच काम करते. मी पडले बीए इंग्रजीवाली, त्यामुळे तिला म्हटलं, ‘‘ताई, मला स्वयंपाकघरातल्या भाषेत समजाव.’’ तिने समजावलं, तेच तुम्हाला सांगतेय.

टेलिमेट्री तुम्ही पाहिली आहे

ग्रीक भाषेत ‘टेली’ म्हणजे दूर आणि ‘मेट्रॉन’ म्हणजे माप. दूरच्या वस्तूची मापं जागेवर बसून मिळवणं म्हणजे टेलिमेट्री. 7 सप्टेंबर 2019च्या पहाटे चांद्रयान-2 मोहिमेतलं विक्रम लँडर चंद्रावर उतरताना आपण सगळे जागे होतो. पडद्यावरचा ठिपका ठरलेल्या रेषेवरून ढळला आणि संपर्क तुटला. लँडर कुणालाच दिसत नव्हतं, दिसत होते ते त्याच्याकडून येणारे आकडे. 23 ऑगस्ट 2023ला चांद्रयान-3 उतरलं, तेव्हाही आपण असेच आकडे पाहत होतो.

बँकेचं अॅप, रेल्वेचं तिकीट किंवा परीक्षेचा निकाल यांच्यामागचे सर्व्हरही असेच सतत आकडे पाठवत असतात.

घरातली तीन उदाहरणं

या डेटाचे मुख्य तीन प्रकार आहेत. पहिला मेट्रिक्स, म्हणजे घरातला विजेचा मीटर. किती वापर झाला ते सांगतो, पण कुणी गीझर चालू ठेवला ते सांगत नाही. दुसरा लॉग, म्हणजे कॅलेंडरवर लिहिलेला दुधाचा हिशोब. कोणत्या दिवशी काय झालं त्याची तारीखवार नोंद. तिसरा ट्रेस, म्हणजे कुरियरचं ट्रॅकिंग. पार्सल कोणत्या टप्प्यावर अडकलं ते दाखवतो. तिन्ही एकत्र वाचता आले, तरच दुखणं नेमकं कुठे आहे ते सापडतं.

सरासरीवर विश्वास ठेवू नका

समजा, 100 ग्राहकांपैकी 95 जणांचं पेमेंट 1 सेकंदात झालं आणि 5 जणांना 21 सेकंद लागले. सरासरी निघते फक्त 2 सेकंद. अहवालात सगळं छान दिसतं, पण ते 5 जण काउंटरवर ताटकळलेले असतात. चांगला कन्सल्टंट सरासरी बाजूला ठेवून सर्वात जास्त वेळ लागलेल्या ग्राहकांचे आकडे आधी बघतो.

कंपन्या ‘99.9 टक्के वेळ सेवा चालू’ असं म्हणतात, तेही नीट वाचा. 30 दिवसांच्या महिन्यात याचा अर्थ सुमारे 43 मिनिटं बंद. 99.99 टक्के म्हटलं, तर फक्त 4 मिनिटांच्या आसपास. पण प्रत्येक वाढीव 9साठी खर्च वाढतो. म्हणून दवाखान्याच्या सिस्टिमला काय हवं आणि साड्यांच्या दुकानाला काय पुरेल, हे ठरवून देणं हाही सल्ल्याचाच भाग आहे.

फोन सायलेंटवर गेला ती रात्र

ताई नोकरीत नवीन असताना पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट ऑनलाइन देणारी एक सिस्टिम सांभाळायची. रोज रात्री तिच्या फोनवर 40-50 अलर्ट यायचे. बहुतेक सगळे बिनकामाचे. एका रात्री वैतागून तिने फोन सायलेंट केला. नेमकी त्याच रात्री सर्व्हरची डिस्क भरली. खरा अलर्ट आला होता, पण त्या गर्दीत तोही एक होता. सकाळी रिपोर्टसाठी थांबलेल्या पेशंटचे फोन सुरू झाले.

‘‘माझी चूक होतीच,’’ ती म्हणाली, ‘‘पण कुकरची शिट्टी दिवसभर वाजत राहिली, तर भात झाला हे कळणार कसं?’’

आज नवीन क्लायंटकडे गेल्यावर ती आधी अलर्ट कमी करते. तिचा नियम साधा आहे. रात्री उठून काहीतरी करण्यासारखं असेल तरच फोन वाजला पाहिजे. बाकीचं सकाळी चहा घेताना बघता येतं.

यात यायचं असेल तर

पदवी हातात पडताच कुणी कन्सल्टंट होत नाही. सुरुवात बहुधा सपोर्टच्या शिफ्टमधून होते. लिनक्स, नेटवर्किंग, एसक्यूएल आणि थोडं पायथन शिकून घ्या. 2012मध्ये सुरू झालेलं प्रोमिथियस आणि आलेख दाखवणारं ग्राफाना ही टूल्स मोफत मिळतात. आपल्याच लॅपटॉपवर टाकून सराव करा. 2019पासूनचं ओपनटेलिमेट्री हे डेटा गोळा करण्याचं खुलं मानकही समजून घ्या.

एवढंच लक्षात ठेवा, सगळंच साठवायचं नसतं. साठवणुकीचं बिल वाढतं आणि लॉगमध्ये ग्राहकाचा ओटीपी किंवा मोबाइल नंबर गेला, तर धोकाही वाढतो. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ही जबाबदारी आणखी मोठी झाली आहे.

आणि लिहायला-बोलायला शिका. बिघाड का झाला हे कुणावरही खापर न फोडता चार सोप्या वाक्यांत सांगता येणं, हे या कामातलं मोठं कौशल्य आहे. इथे माझ्यासारख्या भाषेच्या विद्यार्थ्यांनाही आशा आहे!

घरच्यांसाठी दोन शब्द

तुमच्या घरी कुणी हे काम करत असेल, तर त्यांचं जागरण तुम्ही पाहिलंच असेल. ऑन-कॉलच्या आठवड्यानंतर त्यांना एक सकाळ निवांत झोपू द्या. या कामात यश दिसत नाही, कारण यश म्हणजे काहीच न घडणं. पुढच्या वेळी तुमचं पेमेंट क्षणात झालं, तर समजा, कुणीतरी वेळेवर रेघ पाहिली होती.