जॉन मॅकेन्झी आणि न्यूझीलंडमधील जमिनीचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलुखात जमीनदारांनी मेंढपाळीच्या लाभासाठी कुळांना पिढीजात जमिनींवरून हुसकावून लावले. १८४५ साली ग्लेनकॅल्व्ही येथील बेदखल कुटुंबांना क्रोइकच्या चर्चच्या आवारात आसरा घ्यावा लागला. त्याच रॉस परगण्यात १८३९ मध्ये जॉन मॅकेन्झी याचा जन्म एका कुळाच्या घरी झाला. बालपणी पाहिलेल्या या अन्यायाचा ठसा त्याच्या मनावर कायमचा उमटला, असे त्याचे चरित्रकार मानतात.

१८६० साली तो न्यूझीलंडमधील ओटागो प्रांतात आला व एका मोठ्या मेंढवाड्यावर मेंढपाळाचे काम करू लागला. पुढे स्वतःची शेती उभी करून १८८१ मध्ये तो संसदेत निवडून आला आणि १८९१ मध्ये लिबरल मंत्रिमंडळात जमीनखात्याचा मंत्री झाला.

मोजक्या मालकांच्या हाती एकवटलेली जमीन लहान शेतकऱ्यांस मिळावी, हे त्याच्या धोरणाचे सूत्र होय. १८९२ च्या कायद्याने ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यांची सोय झाली. त्यामुळे खरेदीसाठी भांडवल नसलेल्यासही जमीन कसता येऊ लागली. १८९३ मध्ये करआकारणीच्या मूल्यांकनावरून वाद निर्माण होताच सरकारने सुमारे ८४,००० एकरांची चेव्हियट इस्टेट विकत घेतली व तिचे तुकडे पाडून वसाहत केली. १८९४ च्या कायद्याने मोठ्या जमिनी सक्तीने घेण्याचा अधिकारही सरकारला मिळाला.

तथापि या कार्याची दुसरी बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. वसाहतीसाठी लागणारी जमीन केवळ गोऱ्या जमीनदारांकडून आली नाही. त्याच दशकात सरकारने माओरी लोकांकडून लक्षावधी एकर जमीन विकत घेतली. १८९४ मध्ये ती घेण्याचा एकाधिकार सरकारकडे परत आल्याने माओरी विक्रेत्यास दुसरा ग्राहकच उरला नाही. न कसलेली जमीन समाजाच्या उपयोगी आणली पाहिजे, हे तत्त्व मॅकेन्झीने माओरींच्या सामूहिक मालकीलाही लावले. जमीनदाराविरुद्ध न्याय्य ठरणारा हा युक्तिवाद येथे बेदखलीचे साधन बनला.

प्रकृती खालावल्यामुळे १९०० मध्ये तो मंत्रिपदावरून निवृत्त झाला व १९०१ मध्ये निधन पावला. स्वतःच्या समाजाची दैना ओळखणाऱ्या या सुधारकाला तीच दैना माओरींच्या बाबतीत दिसली नाही. म्हणून त्याच्या कायद्यांचे मूल्यमापन करताना जमीन कोणाला मिळाली याबरोबरच ती कोणाकडून आली, हेही तपासणे आवश्यक ठरते.