जंगल राखायला निघालात? आधी हे सहा गैरसमज तपासा

वन्यजीव संस्था असो, विद्यापीठातला संशोधक असो किंवा एखाद्या कंपनीचा सीएसआर विभाग, जंगलासाठी काही करू पाहणारा प्रत्येक जण आपल्या प्रस्तावात ‘स्थानिक आदिवासींच्या सहभागातून’ अशी एक ओळ टाकतोच. सहभाग म्हणजे नेमकं काय, याबद्दलच्या कल्पना मात्र बऱ्याचदा ऐकीव असतात. त्यांतल्या काही आदिवासींना कमी लेखतात, तर काही त्यांना थेट देव्हाऱ्यात बसवतात. दोन्हींचा शेवट सारखाच होतो. निर्णय बाहेरचे लोक घेतात आणि गावानं मान डोलवायची असते. म्हणून भागीदारी खरी की कागदावरची, हे एका गोष्टीवरून ओळखावं: गावाला ‘नाही’ म्हणायची मुभा आहे का, आणि गाव तसं म्हणालं तर काम थांबतं का?

गैरसमज १ : वनहक्क दिले की जंगल तोडलं जाणार

वस्तुस्थिती : २००६च्या वनहक्क कायद्यात वैयक्तिक आणि सामूहिक असे दोन प्रकारचे हक्क आहेत आणि चर्चेत त्यांची कायम सरमिसळ होते. आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून जी वनजमीन कसत आलं आहे, तिच्यावरचा हक्क वैयक्तिक. त्याला चार हेक्टरची मर्यादा आहे आणि ही जमीन विकता येत नाही. सामूहिक हक्क असतो गावानं परंपरेनं वापरलेल्या आणि राखलेल्या जंगलावर. त्यात गौण वनोपज घेण्याबरोबरच जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकारही येतो.

हा अधिकार मिळाल्यावर गाव काय करतं, हे पाहायचं तर चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला जावं. २०१२मध्ये या गावाला सुमारे १,००० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेनं बसून स्वतःचे नियम केले आणि ३४ हेक्टरचा एक तुकडा कुठल्याही तोडीविना राखून ठेवला. बांबूची कटाई आणि विक्री ग्रामसभा स्वतः करू लागली. आणि तेंदूपत्ता तोडणं गावानं आपणहून बंद केलं. कोवळी पानं फुटावीत म्हणून तेंदूची झुडपं छाटली जातात, जंगलाला आगी लावल्या जातात, आणि झाड वाढलंच नाही तर माणसांना आणि पाखरांना टेंभरं कुठून मिळणार, असा गावाचा हिशेब होता. उन्हाळ्यातली नगदी कमाई सोडायला या गावाला कुणी भाग पाडलेलं नव्हतं.

‘पण वाघांसाठी गावं उठवावीच लागतील ना?’ हा प्रश्न लगेच येतो. कायद्याचं उत्तर असं : आधी गावाचे हक्क मान्य व्हायला हवेत, माणसांच्या वावरामुळे वन्यजीवांचं भरून न येणारं नुकसान होतंय आणि सहजीवनाचा दुसरा मार्ग नाही हे दाखवावं लागतं, पुनर्वसनाचा आराखडा तयार हवा आणि ग्रामसभेची लेखी संमती हवी. हे टप्पे ओलांडून केलेलं पुनर्वसन ‘स्वेच्छेचं’ ठरत नाही.

गैरसमज २ : आदिवासी जन्मतःच निसर्गरक्षक असतात

वस्तुस्थिती : हा समज कौतुकातून आलेला आहे, म्हणून तो पटकन लक्षात येत नाही. ‘जगातली ८० टक्के जैवविविधता आदिवासी सांभाळतात’ हे वाक्य आपण भाषणांत, अहवालांत, पोस्टरवर वाचलेलं असतं. या आकड्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही, हे ‘नेचर’ या नियतकालिकात २०२४मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. त्या लेखकांत आदिवासी समाजांतले अभ्यासकही होते. जैवविविधता अशी एका आकड्यात मोजता येत नाही आणि चुकीचा आकडा उघडा पडला की खऱ्या योगदानावरही लोक शंका घेतात, हा त्यांचा मुद्दा. आधार असलेली माहिती पुरेशी बोलकी आहे. २०१८च्या एका जागतिक अभ्यासानुसार ८७ देशांत मिळून किमान ३ कोटी ८० लाख चौरस किलोमीटर जमीन आदिवासींच्या ताब्यात किंवा व्यवस्थापनाखाली आहे आणि जमिनीवरच्या सुमारे ४० टक्के संरक्षित क्षेत्रांशी ती जुळते.

‘आदिवासी समाज’ हा एकसाची नसतो, हेही आपण विसरतो. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया या तीनच जमातींची परिस्थिती पाहिली तरी जमीन, जंगल आणि रोजगाराशी असलेलं त्यांचं नातं वेगवेगळं आहे. एकाच गावातही शेळ्या पाळणाऱ्याचं, मोह वेचणारीचं आणि शहरात कामाला जाणाऱ्या तरुणाचं जंगलाकडून मागणं एक नसतं. पाचगावनं तेंदू बंद केला, तर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तोच तेंदू स्वतः लिलाव करून विकतात आणि त्यावर घरं चालवतात. दोन्ही निर्णय चर्चा करून, नफा-तोटा बघून घेतलेले आहेत. पाचगावचा निर्णय रक्तातून आलेला नाही. बांबूचं उत्पन्न आणि ठरवण्याचा अधिकार हाती होता म्हणून तो घेता आला.

गैरसमज ३ : गावकऱ्यांमध्ये ‘जनजागृती’ करायला हवी

वस्तुस्थिती : कधीकधी जागृतीची गरज उलट्या बाजूला असते. कर्नाटकातल्या चामराजनगर जिल्ह्यात बिळिगिरी रंगन टेकड्या आहेत. तिथले सोलिगा लोक उन्हाळा तापायच्या आधीच जंगलातला पाचोळा हलक्या आगीनं जाळत. १९७४मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि पुढे या आगींवर बंदी आली. आग म्हणजे नुकसान, एवढंच तेव्हा गृहीत धरलं होतं. नंतरच्या काळात टणटणीनं जंगल व्यापलं आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगुळं माजली. सोलिगांचं म्हणणं सरळ होतं : पाचोळ्याची आग थांबली म्हणून हे झालं. ती आग टणटणीची रोपं आणि बांडगुळाचा जोर वेळीच मोडत असे. संशोधकांनी जंगलातल्या नोंदी या म्हणण्याशी ताडून पाहिल्या, तेव्हा ते गांभीर्यानं घ्यावं लागलं. आता टणटणीचं रान दाट झाल्यावर तीच आग भडकू शकते, त्यामुळे जुनी पद्धत तशीच्या तशी परत आणणंही सोपं राहिलेलं नाही. हे अभयारण्य पुढे व्याघ्रप्रकल्प झालं आणि २०११मध्ये तिथे सोलिगांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले. व्याघ्रप्रकल्पात असे हक्क मिळाल्याचं ते देशातलं पहिलं उदाहरण मानलं जातं.

घराजवळचं उदाहरण वाघोबाचं. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या पट्ट्यात वारली लोक वाघोबाला पुजतात. त्यात बिबट्याही आला. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी वाघोबाच्या १५०हून अधिक देवस्थानांची नोंद केली. इथे बिबट्याशी संघर्ष होतच नाही, असं कुणी म्हणत नाही. वाघोबाचा मान ठेवला तर तो राखण करतो, नाहीतर शिक्षा देतो, अशी ही देवाणघेवाण आहे. ‘बिबट्या आपला मित्र’ असं पत्रक वाटायला जाणाऱ्यानं गावात हे नातं आधीपासून आहे, याची किमान माहिती करून घ्यावी.

गैरसमज ४ : सरपंचाची सही मिळाली की गावाची संमती झाली

वस्तुस्थिती : ही सगळ्यात जास्त आढळणारी आणि सगळ्यात महागात पडणारी समजूत. पेसा (आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा) आणि वनहक्क कायद्यांत निर्णयाचा अधिकार ग्रामपंचायतीच्या कार्यालयाला दिलेला नाही, तो ग्रामसभेचा आहे. पेसा क्षेत्रात पाडा, टोला किंवा वस्तीचीही स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. वनहक्क नियमांनुसार बैठकीला किमान निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. चार पुढाऱ्यांसोबत चहा घेऊन केलेला ठराव या कसोटीला उतरत नाही.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव याबाबत अनेकांची शाळा ठरलं आहे. तिथे ग्रामसभेचा निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाचाही विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीत जातो. त्याआधी अभ्यासगटात चर्चा होते. तिथे बाहेरचे जाणकार येऊ शकतात, बोलू शकतात, प्रश्नांना उत्तरं देऊ शकतात. निर्णय मात्र ग्रामसभेतच होतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून ही पद्धत राज्यभर माहीत झाली.

बाहेरून येणाऱ्याला याचा व्यावहारिक अर्थ असा : मोह वेचण्याच्या, तेंदूच्या किंवा रोवणीच्या दिवसांत बैठक मागू नये. प्रस्ताव गावाच्या भाषेत समजावून सांगावा, त्यात पैसे किती आणि कुणाला हेही सांगावं. मग निघून यावं आणि गावाला आपसात बोलू द्यावं. तीन महिन्यांत निधी खर्च करायची घाई असेल, तर ती अडचण देणगीदाराकडे मांडावी, तिचा भार गावावर टाकू नये.

आणि ‘नाही’ म्हणजे नाहीच. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे गेला. डोंगरिया कोंध आणि इतरांच्या बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. खाणीला नकार देणाऱ्या ग्रामसभेचं कौतुक करणाऱ्यांनी, तीच ग्रामसभा आपल्या कॅमेरा ट्रॅपना किंवा वृक्षलागवडीला नकार देते तेव्हाही तो तितक्याच आदरानं स्वीकारायला हवा.

गैरसमज ५ : माहिती आपण गोळा केली, म्हणजे ती आपली

वस्तुस्थिती : १९८७मध्ये केरळच्या अगस्त्य डोंगररांगांत फिरणाऱ्या शास्त्रज्ञांना दिसलं, की सोबतचे काणी वाटाडे एक छोटं फळ चघळतात आणि थकत नाहीत. ती वनस्पती कुठली, हे सांगायला वाटाडे सुरुवातीला तयार नव्हते. अखेर त्यांनी दाखवली, ती आरोग्यपच्चा. तिरुवनंतपुरमजवळच्या वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेनं तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध तयार केलं. १९९५मध्ये त्याचा परवाना कोइमतूरच्या एका आयुर्वेदिक कंपनीला १० लाख रुपये आणि दोन टक्के रॉयल्टी या बोलीवर दिला आणि या रकमेचा निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरवलं. १९९७मध्ये त्यासाठी त्यांचा न्यास नोंदवला गेला.

लाभवाटपाचं हे गाजलेलं उदाहरण जगभर सांगितलं जातं. त्यातल्या त्रुटी मात्र फारशा सांगितल्या जात नाहीत. माहिती देणारे वाटाडे एका भागातले होते, पण ज्ञान साऱ्या काणींचं. इतर भागांतल्या काणींनी ‘आम्हाला कुणी विचारलं?’ असा आक्षेप घेतला. वनस्पती जंगलातून गोळा करायला आणि लावायला वनखात्याच्या परवानगीचा अडसर आला तो वेगळाच. म्हणजे पैशांचा वाटा प्रामाणिकपणे ठरवूनही संमतीचा प्रश्न मागे उरला.

२००२च्या जैविक विविधता कायद्यानुसार गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. महाराष्ट्रात या कामाची वैचारिक पायाभरणी माधव गाडगीळ यांनी केली. या नोंदी करताना काय लिहायचं, काय गावापुरतंच ठेवायचं आणि कुणाला दाखवायचं, हे गावानं ठरवावं. औषधी वनस्पतीची नेमकी जागा अहवालात छापली, तर व्यापारी तिथे पोचायला वेळ लागत नाही.

गैरसमज ६ : रोजगार दिला म्हणजे भागीदारी झाली

वस्तुस्थिती : वाटाड्या, स्वयंपाकी, रोपवाटिकेतली मजूर, रात्रपाळीचा पहारेकरी ही सगळी कामं गरजेची आहेत. पण मजुरी ही मजुरीच. १९९०पासून आलेल्या संयुक्त वनव्यवस्थापनात गावांना उत्पन्नाचा वाटा मिळाला. आराखडा आणि अंतिम शब्द मात्र बहुतांशी वनखात्याचाच राहिला.

फरक कुठे पडतो, हे मेंढ्याच्या बांबूनं दाखवलं. २००९मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलेलं आहे. पण १९२७च्या वन कायद्याच्या लेखी बांबू झाडच होता, त्यामुळे हक्क मिळूनही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. ट्रकसोबत जाणाऱ्या त्या कागदावर सही कुणाची, या एका प्रश्नावर अख्खा व्यवहार अडलेला होता. सही ग्रामसभेची झाल्यावर किती कापायचं, कुणाला विकायचं, मजुरी काय द्यायची हेही तिच्याच हातात आलं. २०१७मध्ये वन कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला.

पुढचा प्रस्ताव लिहिण्याआधी

काही प्रश्न स्वतःला विचारावेत. हा विषय मुळात गावाच्या यादीत आहे का, की आपल्याच? ग्रामसभेनं आराखड्यात बदल सुचवले, तर ते करायला अंदाजपत्रकात जागा आहे का? बँक खात्यावर ग्रामसभेची सही चालते का? गोळा होणारी माहिती गावाकडे त्याच्या भाषेत परत कधी जाणार? आपण निघून गेल्यावर काम चालू ठेवायचं की बंद, हे कोण ठरवणार? उत्तरं अडखळत येत असतील, तर ‘आदिवासींच्या सहभागातून’ ही ओळ तूर्त खोडावी आणि गावात बैठकीची वेळ मागावी.