दाण्याचे लाडू, डब्यांची फळी

दोन वाट्या भाजून सोललेले शेंगदाणे, एक वाटी चिरलेला गूळ. मिक्सर थांबत थांबत फिरवला की दाण्यांचंच तेल सुटतं आणि लाडू वळता येतात. पाक नको, तूपही नको. सलग फिरवलात तर मात्र लगदा. वळायचं काम खुशाल मुलांकडे द्या, वेडेवाकडे झाले तरी संपायचे ते संपतातच.

डबा कोरडा आणि घट्ट झाकणाचा हवा, कारण हवा लागली की दाण्यातलं तेल खवट होतं. लोणच्याची रिकामी काचेची बरणी चालेल. वास झाकणात राहतो, म्हणून ते उन्हात ठेवा. बरणीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. जुनं पुढे, नवं मागे. रवा-मैदा वरच्या फळीवर, खाऊ मुलांच्या हाताला येईल असा.