एका दिवसाची तबकडी

ग्रामोफोनची तबकडी ऐकताना आपले लक्ष गाणाऱ्याकडे असते. फार तर साथीच्या वाद्यांकडे जाते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी काचेपलीकडील खोलीत बसून जो हे सारे ऐकत असतो, त्याची आठवण क्वचितच कोणाला होते. त्यास निर्माता म्हणतात. नाटक-चित्रपटाच्या निर्मात्याप्रमाणे पैसा उभा करणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. कोणती गाणी घ्यावीत, ती किती लयीत व कोणत्या क्रमाने म्हणावीत, कितव्या वेळचे गायन पसंत करावे, हे त्याने ठरवावयाचे असते.

शेकडो कार्यक्रम केलेला रॉक संगीताचा चमू हाती आला, तर निर्मात्याचे काम सोपे होईल असे वाटते. परंतु तसे होत नाही. अशा चमूला समोरच्या गर्दीची सवय जडलेली असते. स्टुडिओत टाळी नाही, आरोळी नाही; भिंतीही आवाज गिळणाऱ्या. रंगमंचावर खपून गेलेली चूक तबकडीवर मात्र कायमची राहते. आणि चूक काढण्यासाठी तेच गाणे वीस वेळा म्हणवून घेतले, तर त्यातील जीव जातो! या पेचातून वाट कशी निघते, ते एका दिवसाच्या हकीकतीवरून पाहू.

दिवस सोमवार, ११ फेब्रुवारी १९६३. स्थळ लंडनमधील अ‍ॅबी रोडवरील ई. एम. आय. कंपनीचा स्टुडिओ. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे बीटल्स नावाने ओळखले जाणारे चौघे तरुण सकाळी तेथे आले. थोरले दोघे बावीस वर्षांचे, धाकटा अजून विशीतही न पोहोचलेला. परंतु जर्मनीतील हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र-रात्र वाजवून व लिव्हरपूलच्या 'कॅव्हर्न' नामक तळघरात गाऊन ते चांगले मुरले होते. त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा प्रथम त्या तळघरातच ध्वनिमुद्रण करण्याचा विचार होता. जागा पाहिल्यावर तो त्यांनी सोडला आणि रंगमंचावरचा कार्यक्रमच स्टुडिओत आणावयाचे ठरविले.

त्या वेळचे यंत्रही त्यास अनुकूल होते. फितीवर दोनच पट्टे. एकावर वाद्ये, दुसऱ्यावर कंठ. गिटार जास्त झाली आणि ढोल कमी पडला, तर मागाहून ते निस्तरता येत नसे. म्हणून सर्वांनी एकदम, एका दमात वाजवावयाचे. ध्वनियंत्रज्ञ नॉर्मन स्मिथ यांनी वाद्यांमध्ये फारसे आडपडदे ठेवले नाहीत. एका वाद्याचा नाद दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये थोडा शिरला तर शिरू दिला. काटेकोर शास्त्राला हे मानवले नसते, पण सभागृहाचा भास त्यातूनच आला. आपल्याकडील नामवंत ख्यालगायकांनाही तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत राग बसवावा लागला होता, याची येथे आठवण होते.

लेननला त्या दिवशी सर्दी झाली होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीतही चौघे दूध पीत सराव करीत राहिले. एक गाणे तेरा वेळा प्रयत्न करूनही मनासारखे उतरेना; ते बाजूला ठेवले गेले. ही मार्टिन यांची खरी पारख, असे मला वाटते. हट्टाने ते पुरे करून घेण्यात सायंकाळ गेली असती.

'ट्विस्ट अँड शाउट' हे घसा फोडून म्हणावयाचे गाणे त्यांनी मुद्दाम शेवटासाठी राखले होते. ते आधी घेतले असते, तर बाकीच्या गाण्यांना आवाजच उरला नसता. रात्रीचे दहा वाजून गेले होते. औषधी गोळ्या चघळून, घोटभर दूध घेऊन लेनन उभा राहिला आणि एकदाच गायला. पुन्हा एकदा प्रयत्न झाला, पण घशातून आवाज निघेना. पहिलेच गायन तबकडीवर गेले. त्यातील खरखर आजही ऐकू येते.

त्या एका दिवसात दहा गाणी पुरी झाली. आधी प्रसिद्ध झालेली चार त्यांत मिळवून चौदा गाण्यांची 'प्लीज प्लीज मी' ही तबकडी २२ मार्च १९६३ रोजी बाहेर पडली. तत्पूर्वी २० फेब्रुवारीस, चौघांच्या गैरहजेरीत, मार्टिन यांनी 'मिझरी' या गाण्यात स्वतः पियानो भरला. फीत निम्म्या वेगाने फिरवून तो वाजविला. नेहमीच्या वेगाने ऐकताना तो एक सप्तक वर चढला. मूळ गायनाला मात्र त्यांनी हात लावला नाही.

पुढे ऑगस्ट १९६६ मध्ये या चमूने दौरे थांबविले. त्यानंतर त्याच निर्मात्याबरोबर केलेल्या 'सार्जंट पेपर' या तबकडीचे काम डिसेंबर १९६६ पासून एप्रिल १९६७ पर्यंत चालले. तीमधील गाणी त्या चौघांनी मिळून रंगमंचावर कधीच म्हटली नाहीत.