अस्तंबा लहान नाही, किलीमांजारो सोपा नाही

डोंगर जितका उंच तितका धोका मोठा, ही समजूत नंदुरबारपासून पुण्यापर्यंत सगळीकडे आहे. त्यामुळे एव्हरेस्टचं नाव काढलं की माणसं दचकतात, आणि गावामागच्या डोंगरावर मात्र अर्धा लिटर पाणी घेऊन भर उन्हात चढतात. सातपुड्यात नव्यानं भटकायला येणाऱ्यांनी आणि इथून हिमालयात किंवा परदेशी शिखरांवर जाऊ पाहणाऱ्या तरुणांनी ही समजूत आधी मनातून काढायला हवी.

धडगाव तालुक्यातल्या अस्तंब्याची उंची सुमारे 1,325 मीटर आणि कळसूबाईची 1,646. नुसते आकडे पाहिले तर अस्तंबा किरकोळ वाटतो. पण किती चढायचं हे शिखराच्या उंचीवरून ठरत नाही, पाऊल कुठून उचललं त्यावर ठरतं. बारी गावातून कळसूबाईला आठ-नऊशे मीटर चढावं लागतं. तळोद्याहून पायी निघालेला यात्रेकरू तापीच्या खोऱ्यातून, जेमतेम दीडशे मीटरवरून निघतो. कोठार, असली, जुना अस्तंबा, भीमकुंड असं करत शिखर गाठेपर्यंत तो अकराशे मीटरहून जास्त चढलेला असतो, आणि वाटेत उतरून पुन्हा चढायच्या दऱ्यांचा हिशेब वेगळाच. धनत्रयोदशीच्या सुमारास अश्वत्थाम्याच्या दर्शनासाठी हजारो भाविक ही वाट तुडवतात. गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही येतात. श्रद्धेचं बळ मोठं असतं, हे मी मनापासून मानतो. पण अंगातलं पाणी आणि मीठ त्या बळानं भरून येत नाही, आणि रात्रभर न झोपलेल्या माणसाचा उतरताना तोल जायचा तो जातोच.

शिखर उतरलं की धोका संपला, असंही धरून चाललं जातं. ऑक्टोबर 2025 मध्ये या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदशैली घाटात उलटली आणि अनेकांचा जीव गेला. डोंगर त्यांनी सुखरूप उतरला होता. मालवाहू गाडीतून माणसं नेणं कायद्यानं गुन्हा आहे, तरी दर यात्रेला गाड्या खच्चून भरतात. थकलेला चालक, घाटातली वळणं आणि मागे उभी असलेली माणसं या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पुढचं सांगायला नको. मोहिमेचं नियोजन शिखरापर्यंत नव्हे, घराच्या दारापर्यंत करायचं असतं. परतीचं वाहन आणि चालकाची झोप हाही त्या नियोजनाचाच भाग आहे.

सातपुड्यात पाणी कुठेही मिळतं, हे पावसाळ्यातले धबधबे पाहून गेलेल्यांचं मत. होळी उलटली की बहुतेक ओहोळ आटतात, आणि उन्हाळ्यात खालच्या पट्ट्यातला पारा चाळिशीच्या पुढे जातो. अशा दिवसांत माणशी तीन-चार लिटर पाणी आणि सोबत मीठ-साखरेचं पाणी हवंच. चालणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, तर तो दमलाय असं म्हणून सोडून देऊ नका. ही उष्माघाताची खूण असू शकते. आधी सावलीत नेऊन अंग ओलं करा, वारा घाला, शरीर थंड करा. दवाखान्याची धावपळ त्याबरोबरच सुरू ठेवा. नीट शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

थंडीच्या बाबतीत उलट गफलत होते. खाली शहाद्याला स्वेटर लागला नाही म्हणून वरही लागणार नाही, असं समजून लोक तोरणमाळला मुक्काम करतात. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं, आणि तोरणमाळ शहाद्यापेक्षा जवळपास तेवढंच उंच आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब, वालंबा परिसरात कडाक्याच्या थंडीत दव गोठल्याच्या बातम्या येतात. (तोरणमाळ हे उंचीनं राज्यातलं दुसरं थंड हवेचं ठिकाण आहे, असं ठिकठिकाणी लिहिलेलं आढळतं, तेही बरोबर नाही. तोरणमाळ सुमारे 1,150 मीटरवर आहे आणि पाचगणी 1,290 मीटरच्या आसपास. आकड्यानं तोरणमाळची शोभा तसूभरही कमी होत नाही.)

आता दोराविषयी. चढताना दोर माणसाला वर ओढतो, असं बघणाऱ्यांना वाटतं. प्रस्तरारोहणात चढणारा हातापायांच्या जोरावरच चढतो. दोर फक्त पडल्यावर झेलण्यासाठी असतो. दोरावरून खाली उतरण्याच्या रॅपलिंगमध्ये मात्र सगळा भार दोरावर आणि तो जिथं बांधलाय त्या आधारावर असतो, म्हणूनच सोपं दिसणारं रॅपलिंग जास्त बेभरवशाचं. पैसे भरून दोराला लटकण्यापूर्वी आयोजकाला विचारा: आधार एकच आहे की दोन स्वतंत्र, दोराच्या खालच्या टोकाला गाठ आहे का, हेल्मेट सगळ्यांना मिळणार का. इथला खडक सह्याद्रीसारखाच बहुतांशी बेसाल्ट आहे. पावसाळ्यानंतर त्याचे थर सुटतात आणि वरून दगड येतात. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ती मागून बघण्यात संकोच कसला?

परदेशातल्या शिखरांबद्दलचा गैरसमज नेमका उलट्या टोकाचा आहे. टांझानियातल्या किलीमांजारोला दोर लागत नाही, नुसतं चालत जायचं असतं, म्हणून तो सोपा मानला जातो. पण त्याची उंची 5,895 मीटर आहे आणि तिथं एका श्वासात समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच प्राणवायू मिळतो. विरळ हवेचा त्रास साधारण 2,500 मीटरच्या वर कुणालाही होऊ शकतो. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्यालाही होतो, कारण धावण्यानं दम वाढतो, पण विरळ हवेची सवय फक्त वर हळूहळू गेल्यानंच होते. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा सर्वमान्य नियम आहे. त्यामुळे पाच दिवसांत शिखर गाठून देणारी स्वस्त सहल महागात पडू शकते. डोकेदुखीबरोबर उलट्या, झोकांड्या किंवा बसल्या जागी धाप सुरू झाली, तर गोळी घेऊन थांबू नका, खाली उतरा.

राहिला ‘गिर्यारोहण पैसेवाल्या शहरी माणसांचंच काम’ हा गैरसमज. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण 18 मे 1998 रोजी एव्हरेस्टवर पोचले तेव्हा नंदुरबार जिल्हा अस्तित्वातही आला नव्हता. तो झाला त्याच वर्षी 1 जुलैला. बरोबर वीस वर्षांनी, मे 2018 मध्ये, आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी त्याच शिखरावर उभे होते. जानेवारी 2021 मध्ये अक्कलकुवा तालुक्यातले अनिल वसावे किलीमांजारोवर पोचले. तेव्हा ‘हे आपल्यासारख्यांचं काम नाही’ हे वाक्य आता बंद व्हावं. ‘आमची पोरं जन्मापासून डोंगरातच आहेत, त्यांना काय शिकवायचं’ हेही बंद व्हावं. चंद्रपूरच्या मुलांनी एव्हरेस्टआधी बरेच महिने प्रशिक्षण घेतलं होतं. दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये आणि उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत सुमारे महिन्याभराचा प्राथमिक अभ्यासक्रम असतो, आणि तो खासगी मोहिमांच्या मानानं बराच स्वस्त आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळांतल्या शिक्षकांना एवढंच सांगणं आहे: चालण्यात तरबेज असलेली, वयात बसणारी दोन मुलं-मुली निवडा आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीसाठी त्यांचे अर्ज आताच भरा.