जिवंत काडतूस कुठल्या खिशात? शॉटगनच्या सरावातली छोटी, पण जिवावर बेतू शकणारी गोष्ट

२००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये राज्यवर्धन सिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक जिंकलं आणि शॉटगनच्या खेळाचं नाव आपल्याकडे घराघरात पोचलं. हा खेळ बघताना सगळ्यांचं लक्ष हवेत उडणाऱ्या तबकडीकडे असतं. पुढच्या वेळी जरा नेमबाजाच्या कमरेकडे बघा. बिनबाह्यांच्या जॅकेटचे भलेमोठे खिसे नाहीतर पट्ट्याला अडकवलेली पिशवी दिसेल. सरावाची जादा काडतुसं इथेच असतात. ती कुठे आणि कशी ठेवायची, हे नवख्याला बंदूक हातात देण्याआधीच शिकवायला हवं. का, ते पाहूया.

किती काडतुसं लागतात?

ट्रॅप आणि स्कीट या दोन्ही प्रकारांत एका फेरीत २५ तबकड्या असतात. स्कीटमध्ये प्रत्येक तबकडीवर एकच गोळी झाडता येते, म्हणजे २५ काडतुसं, साधारण एक बॉक्स. ट्रॅपच्या पात्रता फेरीत एका तबकडीवर दोन वेळा नेम धरता येतो, म्हणजे जास्तीत जास्त ५०. इतक्या काडतुसांचं वजन पावणेदोन ते दोन किलो भरतं. एवढं ओझं एकाच बाजूला लटकलं की खांदा ओढला जातो आणि बंदूक उचलण्याची लय बिघडते. म्हणून बरेच जण लागतील तेवढीच काडतुसं अंगावर ठेवतात आणि बाकीची बॅगेत.

खिसा की पिशवी?

जॅकेटचा खिसा सोयीचा, पण उन्हाळ्यात उकडतं. पट्ट्यावरची पिशवी अशा वेळी बरी. तिचं तोंड उघडं राहतं आणि हात थेट आत जातो. या खेळातल्या दुनळी बंदुकीत दोनच काडतुसं बसतात, त्यामुळे ट्रॅपमध्ये प्रत्येक तबकडीनंतर हात पुन्हा खिशाकडे जातो. एका फेरीत पंचवीस वेळा. हात न बघता तिथेच गेला पाहिजे, म्हणून जागा कधी बदलायची नाही.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. जिवंत काडतुसं एका खिशात, झाडलेल्या पुंगळ्या दुसऱ्या. बऱ्याच पिशव्यांना पुंगळ्यांसाठी मागे वेगळा कप्पा असतो तो त्यासाठीच. दोन्ही एकत्र झाली की ऐन वेळी हातात रिकामी पुंगळी येते. आणि त्याहून वाईट म्हणजे, रिकाम्या समजून घरी नेलेल्या पुंगळ्यांत एखादं जिवंत काडतूस निघतं.

पोलीस सरावात वेगळी पद्धत

पोलीस किंवा प्रॅक्टिकल शूटिंगच्या सरावात बऱ्याचदा पंप अ‍ॅक्शन नाहीतर सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन असते. तिच्या नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागून एक सरकवावी लागतात. इथे वेळ महत्त्वाचा. म्हणून काही जण बंदुकीच्या डाव्या अंगालाच चार-सहा काडतुसांचा होल्डर बसवतात. बंदूक उचलली की जादा काडतुसं सोबत आलीच! तोटा एवढाच की बंदूक जड होते. स्पर्धक पट्ट्यावर असे क्लिप लावतात की एका मुठीत चार काडतुसं निघतात आणि दोन-दोन करून भरली जातात.

सिनेमातला डाकू छातीवर तिरका पट्टा बांधतो, तोही एक प्रकार. त्यात भरपूर काडतुसं मावतात, पण पळताना पट्टा हलतो आणि कापडी इलॅस्टिक सैल झालं की काडतुसं गळून पडतात. सरावाला तो फारसा सोयीचा नाही.

खरा धोका : बारा आणि वीसची सरमिसळ

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण ज्याला ‘बारा बोअर’ म्हणतो, त्यातला १२ हा आकडा आला कुठून? एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर एका गोळीचा जो व्यास येईल, तोच नळीचा व्यास. २० गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होणार. म्हणजे आकडा मोठा, तशी नळी बारीक.

समजा, खिशात चुकून वीस बोअरचं एक काडतूस राहिलं आणि ते बारा बोअरच्या नळीत गेलं. ते आत घसरतं आणि पुढे नळी निमुळती होते तिथे अडकतं. चाप ओढला तर नुसताच ‘टक्’ आवाज. नेमबाज बंदूक उघडतो, काडतुसाची जागा रिकामी दिसते. त्याला वाटतं भरायचंच राहिलं, म्हणून तो बारा बोअरचं काडतूस घालतो आणि चाप ओढतो. पुढे बूच बसलेलं असल्यामुळे नळी फुटू शकते, तीही नेमकी जिथे पुढचा हात असतो त्याच्या आसपास.

याच कारणाने वीस बोअरची काडतुसं सहसा पिवळ्या रंगाची बनवतात. पण घाईत न बघता काढलेल्या काडतुसाचा रंग कोण पाहणार? म्हणून एका खिशात एकाच बोअरची काडतुसं, हा नियम कधीच मोडायचा नाही. आणि ‘टक्’ आवाज आला, तर बंदुकीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून थोडं थांबायचं, मग बंदूक उघडून नळीतून आरपार उजेड दिसतो का, ते बघायचं.

घरी निघण्यापूर्वी

खिसे उलटे करून झटका. आपल्याकडे काडतूससुद्धा शस्त्र कायद्यात येतं. विमानतळावर बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेलं एक जिवंत काडतूस सापडलं, तरी गुन्हा दाखल होऊ शकतो. ‘लक्षातच नव्हतं’ हे खरं असलं, तरी ते पटवून देईपर्यंत विमान निघून गेलेलं असतं आणि पुढे कोर्टाच्या चकरा मागे लागू शकतात. त्यापेक्षा सरावाची बॅग आणि प्रवासाची बॅग वेगळी ठेवलेली बरी. आणि मैदानावर किती काडतुसं नेली, किती झाडली आणि किती उरली, हा हिशोब जुळल्याशिवाय तिथून पाय काढायचा नाही.