वडिलांचं 'जनता' घड्याळ

आमच्या गटातल्या एका ताईंनी बैठकीत वडिलांचं चावीचं एचएमटी 'जनता' घड्याळ आणलं. बंद पडलेलं, पण टाकवत नव्हतं. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळं सुरू केली; २०१६ मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं.

या घड्याळात सेल नसतो. चावी दिली की आतली स्प्रिंग गुंडाळली जाते; ती हळूहळू सुटते, तशी चाकं फिरतात. सेकंदाला पाच टिकटिक! तेल वाळलं, धूळ बसली की ते अडतं. म्हणजे बहुतेकदा घड्याळ मेलेलं नसतं, अडलेलं असतं.

आम्ही आधी भंगारातल्या घड्याळावर हात बसवला. पहिल्याच दिवशी एक स्क्रू उडाला, तो सापडलाच नाही. तेव्हापासून परातीत पांढरं कापड अंथरूनच घड्याळ उघडतो. खोबरेल तेल घालू नका, ते थंडीत गोठतं. घड्याळाचंच तेल, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढंच.

पट्टा बदला, काच बदला. डायल मात्र रंगवू नका. ताईंनी पिवळी पडलेली डायल तशीच ठेवली. वडिलांनी रोज पाहिलेली तीच होती ना!

रोज ठरल्या वेळी चावी द्या. अडली की थांबा.